कागदावरचे नाव आणि हाकेला दिलेली ओ

वकिलीच्या व्यवसायात ज्या वस्तूशी रोज गाठ पडते, पण जिच्याविषयी विचार करण्याची वेळ क्वचितच येते, अशी एक वस्तू म्हणजे माणसाचे नाव. दाव्याच्या माथ्यावर ते असते, वकालतनाम्यावर असते, निकालपत्रात असते. आणि त्यात एका अक्षराचा फरक पडला की घरदार, भाटे-शेते, क्वचित देवस्थानातील महाजनकीसुद्धा अधांतरी लोंबकळू लागते. गोव्यात वकिली करणाऱ्याला तर हा अनुभव पदोपदी येतो. पोर्तुगीज अमदानीत 1914 पासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची जी नागरी नोंदणी सुरू झाली, तिच्या जाडजूड बुकांतून शेणवी ‘सिनाय’ म्हणून भेटतात, कामत ‘कामोतीं’ म्हणून आणि प्रभू ‘पोरोब’ म्हणून. लिहिणाऱ्याच्या कानाला जे ऐकू आले आणि त्याच्या लिपीला जे पेलले, ते त्या बुकात उतरले. ‘वर निर्दिष्ट केलेली नावे एकाच व्यक्तीची असून’ या शब्दांनी आरंभ होणारे प्रतिज्ञालेख मी गेल्या वीस वर्षांत इतके तयार केले आहेत की त्यांतील मजकूर मला स्तोत्रासारखा मुखोद्गत झाला आहे.

दोन वर्षांपूर्वी माझे तीर्थरूप निवर्तले आणि असाच एक प्रतिज्ञालेख माझ्याच घरी लिहिण्याची वेळ आली. गावातील घर अजून आजोबांच्या नावावर होते. त्यांचे नाव जन्माच्या नोंदीत एक, बेळगावच्या शाळेच्या दाखल्यात दुसरे आणि देवस्थानच्या महाजनांच्या यादीत तिसरे! हे तिघे एकच, असे सांगणारे जिवंत माणूस आता एकच उरले होते, ते म्हणजे आमची आत्या. वय अठ्ठ्याऐंशी, पण वाणी खणखणीत. मी मसुदा तिच्यापुढे ठेवला आणि सही करण्याची विनंती केली. चष्मा पुसून तिने तो ऐकून घेतला, आणि ‘जन्मनोंदीतील नाव चुकीचे असून’ हे शब्द येताच मला हाताने थांबविले. “अरे, नांव खंयचेंय बरय,” ती म्हणाली, “उलो मारल्यार बाबा ‘ओ’ म्हणटालो न्हय?” नाव कोणतेही लिही, हाक मारली की बाबा ओ देत होते ना? मग त्यांचे नाव चुकीचे कसे? बाबांचे नाव चुकीचे होते असे लिहिलेल्या कागदावर ती सही करणार नव्हती.

मी मसुदा बॅगेत ठेवला. व्यवसायाच्या सवयीने तिचे म्हणणे मी ‘वृद्धेचा हट्ट’ या सदरात घालून टाकले, आणि महिनाभराने धाकट्या बहिणीकडे कॅलिफोर्नियाला गेलो. ती बरीच वर्षे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात असते. ज्या माणसाविषयी आज लिहावयाचे आहे त्याची ओळख मला तेथे झाली; तीही एका ग्रंथालयाच्या पाटीवरून.

त्या शहराच्या चायनाटाउनमध्ये पॉवेल स्ट्रीटवर सार्वजनिक ग्रंथालयाची एक शाखा आहे. तिला हिम मार्क लाय यांचे नाव दिलेले आहे. हे कोणी सेनापती नव्हते, नगराध्यक्ष नव्हते, धनाढ्य व्यापारीही नव्हते. एका मोठ्या बांधकाम-कंपनीत तीस वर्षे नोकरी केलेले ते यंत्र-अभियंता होते. अभियंत्याचे नाव ग्रंथालयाला का, असे मी बहिणीला विचारले; तिला ठाऊक नव्हते. आत गेलो आणि त्यांचीच पुस्तके मागून घेऊन वाचीत बसलो. त्या दुपारी जे वाचावयास मिळाले ते पुढे महिनाभर पुरले.

प्रथम त्या नावाचीच कथा सांगितली पाहिजे. ‘मार्क’ हे कागदावरचे कुलनाम आणि ‘लाय’ हे खरे. हे असे का झाले, हे समजण्यासाठी थोडा कायदा पाहावा लागतो. वकिलाच्या लेखात तेवढा वाचकांनी सोसावा. 1882 मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा केला. व्यापारी, विद्यार्थी अशा मोजक्या वर्गांनाच दार उघडे राहिले. पुढे 1898 मध्ये वाँग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या चिनी तरुणाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जो अमेरिकेच्या भूमीवर जन्मला तो, आईबाप कोणीही असोत, अमेरिकेचा नागरिक होय. नागरिकाच्या परदेशात जन्मलेल्या मुलालाही कायद्याने नागरिकत्व मिळत होते. त्यातच 1906 च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला, पाठोपाठ आग लागली, आणि शहरातील जन्मनोंदींची बुके जळून गेली. मग ‘माझा जन्म याच शहरातला’ असे कोणी शपथेवर सांगितले, तर ते खोडून काढणार कशाने? असा मनुष्य मायदेशी जाऊन येई आणि तेथे आपल्याला मुलगा झाल्याची नोंद करवी. मुलगा झालेला असो वा नसो, कागदावर एक जागा तयार होई. ती जागा दुसऱ्याच कोणाच्या मुलाला पैसे घेऊन दिली जाई. आणि तो मुलगा बापाचे नाव, गावाचे नाव, स्वतःचे नाव सोडून त्या कागदावरचे नाव धारण करून समुद्र ओलांडी. अशांना ‘कागदी मुलगे’ म्हणत.

हिम मार्क लाय यांचे वडील असेच एक कागदी पुत्र होते. ते ‘मार्क’ या नावाने अमेरिकेत उतरले. शिवणकामाच्या कारखान्यात राबून पतिपत्नींनी संसार उभा केला, आणि 1925 मध्ये थोरला मुलगा झाला तेव्हा त्याच्या नावात आपले खरे कुलनाम त्यांनी गुंफून ठेवले. सरकारला दिसावे ते ‘मार्क’ राहिले, आणि घराला विसर पडू नये ते ‘लाय’ही राहिले. पुढे हाच मुलगा आपल्या लोकांचा इतिहासकार झाला. आणि त्याने स्वतःच्या नावातून ‘मार्क’ काढून टाकला नाही. खरे नाव शेवटी आणि कागदी नाव मध्ये, अशी दोन्ही नावे त्याने जन्मभर वागविली.

हे वाचले तेव्हा बॅगेतील मसुद्याची मला आठवण झाली.

आपल्या देशबांधवांनाही हा जाच अपरिचित नव्हता. भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात 1923 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्य अमेरिकेचा नागरिक होण्यास अपात्र ठरविला, आणि ते दार 1946 च्या कायद्याने उघडले. चिन्यांवरील बंदी त्याआधी तीन वर्षे, 1943 मध्ये, उठली होती; पण उठली म्हणजे काय, तर साऱ्या जगातील चिन्यांना मिळून वर्षाला 105 जागा मिळाल्या!

बहिणीने मला एंजल आयलंडलाही नेले. उपसागरातील हे लहानसे रम्य बेट. 1910 ते 1940 या काळात येणाऱ्या चिन्यांना येथे अडकवून ठेवीत आणि त्यांची उलटतपासणी घेत. गावात तुझ्या घराला पायऱ्या किती? विहीर कोणत्या बाजूला? तिसऱ्या घरात कोण राहते? तांदळाचा हंडा कोठे ठेवता? उत्तरे बापाच्या उत्तरांशी जुळली पाहिजेत. म्हणून प्रश्नोत्तरांच्या वह्या घोकून घोकून पाठ करावयाच्या आणि बोट किनाऱ्याला लागण्यापूर्वी समुद्रात टाकून द्यावयाच्या, असा रिवाज पडला होता. मी उलटतपासणी करणारा मनुष्य आहे. तिची धार कशी लावतात हे मला ठाऊक आहे. तरी सांगतो की खऱ्या मुलालाही यांतील निम्मी उत्तरे देता आली नसती. माझ्या गावच्या घराच्या पायऱ्या किती, हे मला त्या क्षणी आठवेना.

त्या कोठड्यांच्या लाकडी भिंतींवर कैद्यांनी कविता कोरल्या होत्या. पुढे इमारत ओसाड पडली आणि पाडून टाकावयाची ठरली. 1970 मध्ये उद्यानाच्या एका रखवालदाराला विजेरीच्या उजेडात ती अक्षरे दिसली, चिनी समाजाने चळवळ केली आणि इमारत वाचली. त्या कवितांचा संग्रह करून त्यांचा इंग्रजी अनुवाद करण्याचे काम हिम मार्क लाय यांनी जेनी लिम आणि जूडी युंग या दोन सहकारिणींबरोबर हाती घेतले. 1980 मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात 135 कविता आहेत. तिघेही कागदी नावांच्या जगाशी नाते सांगणाऱ्या घरांतले. त्या पिढीतील आईबाप या बेटाचा विषय घरी निघू देत नसत. कारण बोलले तर कागद उघडा पडेल. 1956 नंतर सरकारने ‘कबुली द्या, म्हणजे राहू देऊ’ अशी योजना काढली, पण एकाच्या कबुलीत दहा नातलगांची नावे द्यावी लागत. त्या कबुल्यांचा उपयोग डाव्या मताच्या संघटनांतील माणसांना गाठण्यासाठीही झाला. एका अख्ख्या समाजाने आपला इतिहास पोटात गिळून टाकला होता, असेच म्हटले पाहिजे.

या मौनाविरुद्ध हिम मार्क लाय जन्मभर झगडले; पण त्यांच्या झगड्याला आवाज फार कमी होता. 1947 मध्ये बर्कलीच्या विद्यापीठाची पदवी घेऊन ते बाहेर पडले. चायनाटाउनमधील ‘मुन चिंग’ नावाच्या तरुणांच्या मंडळात ते रमले. तेथे नाटके होत, गाणी होत, भाषेचे वर्ग चालत. आणि चीनमध्ये 1949 साली झालेल्या क्रांतीविषयी आस्था होती. कोरियाचे युद्ध सुरू झाल्यावर अशा मंडळावर पोलिसांची नजर न पडती तरच नवल! लाय यांच्यावरही पाळत होती. चीनहून आलेल्या लॉरा यांची गाठ याच मंडळात पडली आणि 1953 मध्ये त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी कंपनीतील नोकरी लागली. दिवसा आराखडे काढावयाचे आणि उरलेल्या वेळी आपल्या लोकांच्या खुणा गोळा करावयाच्या, असा क्रम पुढे चालू राहिला.

1967 नंतर ‘ईस्ट-वेस्ट’ या चिनी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघणाऱ्या साप्ताहिकातून ते इतिहासावर लेख लिहू लागले. द्वैभाषिक नियतकालिकाच्या वाचकांना यात काही ओळखीचे वाटेल. इंग्रजी जाणणारी मुले एका अंगाने वाचीत, चिनी जाणणारे आईबाप दुसऱ्या अंगाने. आणि घर एकच! 1969 मध्ये थॉमस चिन आणि फिलिप चॉय यांच्यासह त्यांनी कॅलिफोर्नियातील चिन्यांच्या इतिहासाची अभ्यासपुस्तिका तयार केली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये, विद्यार्थ्यांच्या दीर्घ संपानंतर, चिनी अमेरिकनांच्या इतिहासाचा पहिला वर्ग चॉय आणि लाय यांनी शिकविला. एक वास्तुशिल्पी आणि एक अभियंता; इतिहासाची पदवी दोघांपाशीही नव्हती.

परंतु त्यांच्या कार्यातील जो भाग मला सर्वांत अधिक मोलाचा वाटतो तो नभोवाणीचा. 1971 पासून 1984 पर्यंत, तेरा वर्षे, ‘हॉन सिंग’ या नावाचा साप्ताहिक कार्यक्रम ते मित्रमंडळींच्या साहाय्याने कँटोनीज भाषेत चालवीत होते. 1965 च्या कायद्याने जुनी कोष्टके मोडली होती आणि नवी चिनी कुटुंबे मोठ्या संख्येने येऊ लागली होती. शिवणयंत्रावर बसलेल्या बाईला वर्तमानपत्र हाती धरता येत नाही. उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यात भाजी चिरणाऱ्याला पुस्तक उघडता येत नाही. पण दोघांचेही कान मोकळे असतात. त्या कानांपर्यंत घरची भाषा पोहोचविणे हे तेव्हा साधे काम नव्हते. चायनाटाउनमधील वजनदार मंडळी तैवानच्या सरकारच्या बाजूची. मुख्य भूमीवरच्या चीनविषयी सहानुभूतीने बोलणारा मनुष्य संशयित. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन पेकिंगला गेले ते 1972 मध्ये. हा कार्यक्रम त्याआधीच सुरू झाला होता.

आवाजाची ही शक्ती आम्हा गोमंतकीयांना कोणी शिकवावी असे नाही. 1955 च्या नोव्हेंबरपासून 1961 च्या डिसेंबरपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या रानातून स्वातंत्र्याची गुप्त नभोवाणी चालविली. कोकणी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांतून. आमची आत्या तेव्हा तरुण होती. दारे लावून, आवाज अगदी बारीक करून घरात ते प्रक्षेपण कसे ऐकत, हे तिने आम्हाला लहानपणी अनेकदा सांगितले आहे. बातमी कोणती होती ते तिला आता आठवत नाही. “आमचे भाशेंत उलयताले,” एवढेच ती सांगते. आपल्या भाषेत बोलत होते! पारतंत्र्यातील माणसाला, परदेशातील माणसाला, स्वतःच्या गावात परक्या नावाने नोंदलेल्या माणसाला आपल्या भाषेतला आवाज ऐकू येणे म्हणजे हाक ऐकू येणे. सरकारी बुकात ज्याचे नाव वेगळे आहे, त्याला त्याच्या खऱ्या नावाने मारलेली हाक.

नोकरीतून 1984 मध्ये मोकळे झाल्यावर लाय यांनी सारा वेळ इतिहासाला दिला. चायनाटाउनमधील मंडळांच्या पत्रिका, दुकानांच्या वह्या, बंद पडलेली वर्तमानपत्रे, जे दुसरे टाकून देत ते त्यांनी घरी आणून ठेवले. तो सगळा संग्रह आज बर्कलीच्या विद्यापीठात आहे. 1991 पासून त्यांनी आल्बर्ट चेंग यांच्यासह आणखी एक उपक्रम चालविला. अमेरिकेत वाढलेल्या चिनी तरुणांना आधी आपल्या घराण्याचे कागदपत्र धुंडाळावयास लावावयाचे आणि मग त्यांना दक्षिण चीनमधील पर्ल नदीच्या मुखाकडील त्यांच्या मूळ गावी न्यावयाचे. आपल्यापैकी जे इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा बेळगाव येथून पिढ्यान्‌पिढ्या कुलदेवतेच्या दर्शनास येतात, त्यांना या यात्रेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या देवांनीसुद्धा सोळाव्या शतकात नद्या ओलांडल्या. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, कुडथाळचा मंगेश प्रियोळास आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. साडेचारशे वर्षे लोटली, तरी गाऱ्हाणे घालताना मूळ गावाचा उच्चार होतो. ठिकाण बदलले म्हणून जुने नाव खोटे ठरले नाही, आणि नवे ठिकाणही कोणी परके मानले नाही. भक्ताच्या तोंडी दोन्ही राहिली.

2009 च्या मे महिन्यात हिम मार्क लाय वारले. त्यांनी कोणता मोठा लढा जिंकला असे विचारले तर सांगता येणार नाही. बहिष्काराचा कायदा ते तरुण असतानाच गेला होता, आणि तो त्यांनी घालविला नव्हता. पण कायदा गेल्यावर त्याने लादलेले मौन आपोआप जात नाही. ते कोणीतरी आपल्या रिकाम्या वेळात, पगाराशिवाय, दर आठवड्याला थोडे थोडे मोडावे लागते. वकील म्हणून मी कायद्याला फार मोठे मानीत आलो. या अभियंत्याने मला त्याची मर्यादा दाखविली. न्यायालय फार तर सांगेल की तीन नावांचा मनुष्य एकच होता. तो कसा होता, कोणत्या भाषेत हसत होता, हाकेला ओ कशी देत होता, हे न्यायालयाला सांगता येत नाही. आणि ते सांगणारे माणूस गेले की प्रमाणित नक्कल कोणत्याही कचेरीत मिळत नाही.

घरी परतल्यावर मी प्रतिज्ञालेख नव्याने लिहिला. ‘चुकीचे’ हा शब्द काढून टाकला. ‘माझे वडील या तीनही नावांनी ओळखले जात आणि तीनही नावांना उत्तर देत,’ असे वाक्य घातले. कायद्याच्या दृष्टीने तेवढे पुरेसे होते. आत्याने ते दोनदा वाचून घेतले आणि ठसठशीत सही केली.

त्यानंतर आणखी एक गोष्ट सुरू झाली आहे. रविवारी सकाळी न्यायालय नसते. देवदर्शन आटोपून मी आत्याकडे जातो, खिशातला फोन तिच्यापुढे ठेवतो आणि तिला बोलू देतो. ध्वनिमुद्रणाच्या कामात मी अडाणीच आहे. पहिल्या दोन रविवारी तर तिच्यापेक्षा पंख्याचाच आवाज अधिक उमटला. आता पंखा बंद करतो. आतापर्यंत सात पिढ्यांची नावे झाली, बेळगावच्या शाळेतील छडी झाली, 1961 च्या डिसेंबरातील ती सकाळ झाली. गेल्या रविवारी निघताना मी सहज विचारले, गावच्या घराच्या पायऱ्या किती? तिने डोळे मिटले, बोटांवर मोजले आणि म्हणाली, “णव. पूण एक मोडिल्ली, ती बाबान केन्नाच मेजली ना.” नऊ. पण एक मोडकी होती. ती बाबांनी कधीच मोजली नाही.

एंजल आयलंडच्या अधिकाऱ्यापुढे आजोबा उभे असते तर त्यांनी आठच सांगितल्या असत्या.